वारा दळायचं यंत्र

हिंगोलीत ट्रेडमिल हा शब्द यंत्राच्या आधी आला. तो आला ‘टीएमटी’ या तीन अक्षरांतून. कुणाच्या छातीत कळ आली, डावा हात भरून आला, की इथला डॉक्टर ईसीजी काढतो आणि म्हणतो, ‘नांदेडला जाऊन एक टीएमटी करून घ्या.’ मग भाड्याची गाडी, सोबत एक जावई किंवा पुतण्या, आणि संध्याकाळी गल्लीत बातमी: अमक्याची टीएमटी पॉझिटिव्ह निघाली. या एका बाबतीत पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे आमच्याकडे शाळा न शिकलेल्या माणसालाही माहीत असतं. पण त्यातला ‘टीएम’ म्हणजे ट्रेडमिल, आणि तीच वस्तू पुण्या-मुंबईच्या जिममध्ये लोक पैसे भरून वापरतात, हे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळलं.

आप्पांची टीएमटी झाली तेव्हा मी सोबत होतो. वय त्रेसष्ट, साखर दहा वर्षांपासून. छातीवरचे केस भादरून त्यावर वायरी चिकटवल्या, हाताला बीपीचा पट्टा बांधला आणि त्यांना पट्ट्यावर उभं केलं. पहिली तीन मिनिटं बरी गेली. मग पट्टा थोडा जोरात धावायला लागला आणि पुढून उचलला गेला. सहा मिनिटांनी पुन्हा तसंच. सातव्या मिनिटाला आप्पांनी हात वर केला. घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, ‘घाण्याला जुंपल्यावानी वाटलं रे.’

आमच्या आज्याच्या काळात गावात करडईचा लाकडी तेलघाणा होता. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधायची आणि त्याला गोल फिरवायचं. दिवसभर चालून तो असतो तिथंच असतो. आप्पांनी लहानपणी तो पाहिला होता, म्हणून उपमा सुचली, एवढंच मला तेव्हा वाटलं. नंतर सहज म्हणून या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला, आणि ती नुसती उपमा नव्हती हे लक्षात आलं. ट्रेडमिल हे मुळात माणसाला जुंपण्यासाठीच केलेलं यंत्र आहे.

त्याचा कर्ता इंजिनिअर होता. विल्यम क्युबिट, एका गिरणीवाल्याचा मुलगा. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सपाट भागात तेव्हा पवनचक्क्यांवर धान्य दळलं जायचं. वारा कमीजास्त झाला की चक्कीचा वेग बिघडायचा. क्युबिटने 1807 मध्ये आपोआप जुळवून घेणाऱ्या पात्यांचं पेटंट घेतलं. वारा वाढला की पात्यांच्या झडपा उघडणार, जास्तीचा वारा निघून जाणार आणि चक्की एका लयीत फिरत राहणार. फार देखणं काम आहे ते. आजच्या भाषेत फीडबॅक कंट्रोल.

पुढे त्याच्यासमोर वेगळा प्रश्न आला. तुरुंगातले कैदी दिवसभर रिकामे बसून असतात, त्यांना कामाला कसं लावायचं? इंग्लंडमध्ये 1779 च्या कायद्यातच सक्तमजुरीच्या प्रकारांत चाकात चालण्याचा उल्लेख होता, पण प्रत्येक तुरुंगात चालेल असं यंत्र नव्हतं. क्युबिटने ते दिलं. 1818 मध्ये बरी सेंट एडमंड्सच्या तुरुंगात आणि 1821 मध्ये लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात त्याची चाकं बसली.

ते चाक आजच्या पट्ट्यासारखं नव्हतं. आडवा पडलेला एक लांबलचक लाकडी दंडगोल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या बाहेरच्या अंगाला जिन्यासारख्या पायऱ्या. कैदी एका रांगेत, शेजारी-शेजारी, हातांनी समोरची दांडी धरून पायरीवर उभे. वजन पडलं की पायरी खाली जाते, म्हणून पुढच्या पायरीवर पाय ठेवावा लागतो, ती पण खाली जाते. जिना चढायचा, पण वर कधीच पोचायचं नाही. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याला हे समजवायची गरज नाही. बाहेर पडायची अट न लिहिलेला लूप. अट होती फक्त घड्याळाची.

एकट्याला वेग कमी करता यायचा नाही, कारण चाक सगळ्यांच्या वजनाने फिरायचं. तुमचा पाय मागे राहिला तर नडगी पायरीवर आपटणार. शेजाऱ्याशी बोलायचं नाही, आणि ते पक्कं व्हावं म्हणून अनेक ठिकाणी दोघांमध्ये लाकडी फळ्या उभ्या केल्या होत्या. प्रत्येकाला आपापला कप्पा, नाकासमोर भिंत. (पुण्यातल्या जिममध्ये ओळीने आठ जण कानात इयरफोन घालून चालताना पाहिले, की मला त्या फळ्या आठवतात. पण आपण तिथे पैसे भरून जातो आणि हवं तेव्हा उतरतो, तेव्हा ही तुलना इथेच सोडतो.)

दिवसाला सहा तास किंवा जास्त हे काम चालायचं. त्यात कैद्याची चढाई भरायची 5,000 ते 14,000 फूट. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून 5,400 फूट आहे. म्हणजे ज्याचा दिवस हलका गेला तोसुद्धा समुद्रापासून जवळजवळ कळसूबाईएवढं चढून पुन्हा कोठडीत. उद्या परत तेच.

आता या सगळ्या मेहनतीतून निघायचं काय? काही ठिकाणी पीठ निघायचं, काही ठिकाणी पाणी उपसलं जायचं. ट्रेडमिलच्या नावात ‘मिल’ आहे ते त्यामुळेच. पण पुष्कळ तुरुंगांत चाकाला पुढे काहीच जोडलेलं नसायचं. चाक नुसतं हलकं फिरू नये, त्याला विरोध मिळावा म्हणून छपरावर मोठी पाती लावायची. ती हवेत फिरत राहायची. कैदी याला वारा दळणं म्हणायचे. वाऱ्यावर धान्य दळायच्या चक्क्या सुधारण्यात ज्याने उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या दुसऱ्या यंत्राने माणसांकडून वारा दळून घेतला.

आणि हे चुकून झालं नव्हतं. कामाचा उपयोग नसणं हाच शिक्षेचा भाग आहे, असं मानणारे लोक होते. न्यूयॉर्कच्या तुरुंगातल्या जेम्स हार्डी नावाच्या अधिकाऱ्याने 1824 मध्येच लिहून ठेवलं की या यंत्राची दहशत त्याच्या कष्टात नाही, त्याच्या न संपणाऱ्या एकसुरीपणात आहे. ऑस्कर वाइल्डला 1895 मध्ये दोन वर्षांची सक्तमजुरी झाली तेव्हा लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात त्यालाही या चाकावर चढवलं. त्या वर्षी इंग्लंडच्या तुरुंगांत अशी 39 चाकं चालू होती. 1898 च्या तुरुंग कायद्यानंतर ती उतरायला लागली आणि 1901 मध्ये 13 उरली.

आपल्याकडे काय होतं? इथे एक ओळखीचं नाव येतं, मेकॉले. शाळेत आपण त्याला इंग्रजी शिक्षणासाठी ओळखतो. पण त्यानेच सुचवल्यावरून कंपनी सरकारने तुरुंगांचा विचार करायला समिती नेमली, तो स्वतः तिच्यात होता, आणि 1838 मध्ये तिचा अहवाल आला. तोपर्यंत हिंदुस्थानातले कैदी बेड्या घालून रस्त्याच्या कामावर नेले जायचे. समितीला हे पसंत नव्हतं. उघड्यावर काम करणाऱ्या कैद्याला लोक दिसतात, बाजार दिसतो, कुणी तंबाखूची चिमूट देतं, ही कसली शिक्षा? तिचं म्हणणं होतं की कैद्याला भिंतींच्या आत घ्या आणि कंटाळवाणं, एकसुरी, मन न रमणारं काम द्या.

मी हे वाचताना थांबलो. ‘इनडोअर’ या शब्दाकडे आपण सोय म्हणून पाहतो. ऊन नको, धूळ नको, कुत्री नकोत. समितीसाठी आत घेणं हीच शिक्षा होती.

मेकॉलेनेच ज्याचा मसुदा केला तो भारतीय दंडविधान 1860 मध्ये मंजूर झाला, 1862 पासून लागू झाला, आणि त्यात साधा कारावास वेगळा आणि सक्तमजुरीचा वेगळा, हा भेद पक्का झाला. 2024 च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली तरी तो भेद आहेच. पेपरात आजही ‘दहा वर्षांची सक्तमजुरी’ असं छापून येतं आणि आपण वाचून पुढे जातो.

सक्त म्हणजे किती सक्त, याचं मराठीतलं सगळ्यात ओळखीचं वर्णन अंदमानातून आलं. तिथल्या सेल्युलर जेलमध्ये इंग्लंडसारखं पायऱ्यांचं चाक नव्हतं, कोलू होता. कोलू म्हणजे आपला घाणाच. मधे उखळ, त्यात सुकं खोबरं, उखळातून निघालेला दांडा, आणि बैलाच्या जागी माणूस. दांडा ढकलत गोल गोल चालायचं. विनायक दामोदर सावरकर 1911 च्या जुलैमध्ये तिथे पोचले, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आधीपासून तिथेच होते. दोघांच्याही वाट्याला कोलू आला. ‘माझी जन्मठेप’ हे पुस्तक 1927 मध्ये आलं आणि मराठी घरांत कोलू हा शब्द कायमचा शिरला. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, दिवसाकाठी तीस पौंड तेल काढायचं म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून मराठी वाचकाला कळलं.

इथे इंग्लंडच्या चाकाहून एक गोष्ट वेगळी होती. हा घाणा वारा दळत नव्हता. तेल निघायचं, ते मोजलं जायचं. मोजमाप भरलं नाही तर भिंतीला हात वर बांधून उभं करणं, बेड्या, अशा शिक्षा होत्या. म्हणजे घड्याळाने सुटका नाही, तेलाने सुटका. बंगालचा इंदुभूषण रॉय 1912 मध्ये या छळाला कंटाळून कोठडीत गळफास घेऊन गेला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त याच्या मनावर परिणाम झाला आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात हलवावं लागलं. आणि ही झाली राजकीय कैद्यांची नावं. खून-दरोड्यात गेलेले शेकडो साधे कैदी तोच दांडा ढकलत होते, त्यांच्यातल्या कुणी पुस्तक लिहिलं नाही.

दोन यंत्रं शेजारी ठेवली की कुठलं वाईट ते ठरवता येत नाही. एकात कष्टाला काही अर्थ नाही, दुसऱ्यात अर्थ आहे पण तो सगळा सरकारच्या डब्यात जातो. मला तरी वाटतं, आप्पांच्या बैलाची गोष्ट दोघांपेक्षा बरी होती. त्याला निदान झापड होती.

मग तुरुंगातून सुटलेलं हे यंत्र दवाखान्यात कसं आलं? हा प्रवास भराभर झाला. 1913 मध्ये अमेरिकेत क्लॉड हेगन नावाच्या माणसाला धावण्याच्या पट्ट्याच्या सरावयंत्राचं पेटंट मिळालं. पुढे शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांना हा पट्टा आवडला, कारण माणूस धावतोय आणि तरी जागेवरच आहे. त्याच्या तोंडाला नळी लावता येते, रक्त घेता येतं, नाडी मोजता येते. जे कैद्यासाठी क्रौर्य होतं, तेच मोजणाऱ्यासाठी सोयीचं निघालं.

सिअ‍ॅटलमध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस हे हृदयविकाराचे डॉक्टर होते. त्यांची अडचण साधी होती. खाटेवर झोपवून काढलेला ईसीजी पुष्कळदा चांगला येतो, आणि तोच माणूस जिना चढताना कोसळतो. हृदयाला काम देऊन बघितल्याशिवाय कळणार कसं? त्यांनी पट्ट्यावर टप्पे बसवले आणि 1963 मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिली तीन मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ. पुढची तीन मिनिटं 4 किलोमीटर, 12 टक्के. मग 5.5 किलोमीटर, 14 टक्के. मग 6.8 किलोमीटर, 16 टक्के. असं रुग्ण थांबेपर्यंत किंवा डॉक्टर थांबवेपर्यंत. आप्पांनी हात वर केला तो तिसऱ्या टप्प्यात. नांदेडच्या त्या खोलीत सिअ‍ॅटलचंच वेळापत्रक चाललं होतं. क्युबिटच्या चाकाशी याचं नातं चढाचं आहे, फक्त इथे हात वर केला की यंत्र थांबतं. एवढा एक फरक व्हायला दीडशे वर्षं लागली.

घरात येणारं यंत्र मात्र अजून निराळ्या वाटेने आलं. 1968 मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक आलं. त्यात त्यांचा हिशोब असा होता की आठ मिनिटांत एक मैल, आठवड्यात चार-पाचदा, एवढं धावलं तर माणूस तंदुरुस्त राहील. न्यू जर्सीतल्या विल्यम स्टॉब या मेकॅनिकल इंजिनिअरने ते वाचलं. बाहेर पाऊस, बर्फ, अंधार असला तर धावायचं कसं? तेव्हा घरात परवडेल असा पट्टा बाजारात नव्हता. त्याने स्वतः बनवला आणि नाव ठेवलं पेसमास्टर 600. तो 2012 मध्ये वारला तेव्हा 96 वर्षांचा होता.

यात एक उलटापालट झाली, ती माझ्यातल्या इंजिनिअरला गमतीची वाटते. तुरुंगात माणूस चाक फिरवायचा. घरातल्या ट्रेडमिलला मोटर असते, ती पट्टा फिरवते आणि माणूस फक्त मागे पडू नये म्हणून चालत राहतो. दळण तर नाहीच, वर वीजबिल आपण भरायचं.

आमच्या घरी ट्रेडमिल आली ती टीएमटीनंतर. स्टेंट पडला, डॉक्टर म्हणाले रोज पाऊण तास चाला. आप्पांना चालण्याचं कौतुक सांगायची गरज नव्हती. शाळेसाठी ते रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर चालले. आषाढीची वारी उरकून माणसं नर्सीला नामदेवांच्या परतवारीला येतात, तेव्हा आप्पाही हिंगोलीहून रात्रीच पायी निघायचे. पण आता मे महिन्यात आठ वाजता ऊन भाजतं, रस्त्याला फुटपाथ नाही, आणि पहाटे कुत्र्यांची टोळी असते. मी पुण्यातून ऑर्डर दिली. दोन माणसांनी ते धूड जिन्यावरून वर चढवलं.

आप्पा त्यावर चारदा चढले. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘येच्यावर चालून कुठी जायचं? मानूस चालला तर कुनी भेटलं पाहिजे, राम राम झाला पाहिजे.’ दुसऱ्या दिवसापासून ते पलटन, रिसाला, तोफखाना, सदर बाजार असा फेरा मारायला लागले. ही सगळी नावं जुन्या फौजी छावणीची. छावणी गेली, नावं राहिली. दर दोनशे पावलांवर ते कुणाशी तरी बोलायला थांबतात, त्यामुळे कूपर साहेबांच्या हिशोबाने तो व्यायाम धरता येत नाही. साखर मात्र आटोक्यात आहे. ट्रेडमिलवर ओल्या चादरी वाळायला लागल्या.

म्हणजे मला तसं वाटत होतं. गेल्या दिवाळीत गावी गेलो तर पट्टा करकरत होता. सिलिकॉन ऑइल घालायला दुरुस्तीवाला बोलावला. त्याने आतला मेनू उघडून आकडा दाखवला: एकूण अंतर 611 किलोमीटर. आप्पांचे चार दिवस धरून फार तर सहा. मी आईकडे पाहिलं. ती कणीक मळायला आत निघून गेली.

नंतर सांगितलं तिने. दुपारी आप्पा झोपले, की खोलीचं दार लावून, साडीचा पदर खोचून, अर्धा तास. कधी चाळीस मिनिटं. दोन वर्षांपासून. बाहेर का जात नाहीस विचारलं तर म्हणाली, ‘बाईमानूस निसतं चालायला निघालं तर लोक इचारतेत, कामून निघाल्या, कुठी चालल्या. काम सांगावं लागतंय. पिशवी घ्यावी लागतीय हातात.’ आमच्याकडे आता पोलीस भरतीसाठी पोरी भल्या पहाटे मैदानावर 800 मीटरचा सराव करताना दिसतात, पण त्यांच्याकडे सांगायला कारण आहे, भरती. साठीच्या बाईने कारणाशिवाय रस्त्यावर चालणं अजून आमच्या गल्लीत बसत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती शेतात चालली, विहिरीला चालली, बहात्तरच्या दुष्काळात लहान असताना आईच्या मागे खडी फोडायच्या कामावर चालत गेली. नुसतं चालणं तिच्या वाट्याला पहिल्यांदा आलं ते या बंद दारामागे.

मग मी तिला क्युबिटची गोष्ट सांगितली. पायऱ्यांचं चाक, मधल्या फळ्या, वारा दळणं, कोलू. तिने सगळं ऐकून घेतलं. नंतर म्हणाली, ‘धरायला दांडी व्हती का त्येंला?’

‘होती. लाकडाची.’

‘न् बंद करायचं बटन?’

‘नव्हतं.’

‘मग ते येगळं यंत्र हाय,’ ती म्हणाली, चादरी काढून माझ्या हातात दिल्या, लाल दोरीची चावी पदराला अडकवली आणि वेग 3.2 वर नेला.